पांढरा राहिलेला कागद

परुळेकर बाई कुणाच्याही घरी जेवायला बसल्या की ताटावर वाकून वास घेत नसत. ताठ बसून उजव्या हाताच्या पंजाने ताटावरची वाफ हळूच नाकाकडे ओढायच्या आणि म्हणायच्या, "तिरफळं जरा जास्त पडली." बाटलीला थेट नाक लावायचं नाही, हाताने वारा घालून वास जवळ आणायचा, हा प्रयोगशाळेतला नियम त्यांनी मुलांना इतकी वर्षं शिकवला होता की तो त्यांच्या अंगातच मुरला होता. यजमानीण पदर सावरत उभी असायची आणि बाई तिच्या बांगड्याच्या तिखल्याला पास की नापास ते ठरवत असायच्या. पास झालेली यजमानीण पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरे.

त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी पदार्थविज्ञान. आमच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती आणि तीही अर्धी लाकडी, त्यामुळे बाईंचा प्रत्येक तास मला ऐकू येई. उंच, सडपातळ बाई. कांजी केलेली सुती साडी, आणि पदराला ॲसिडने पडलेली बारीक भोकं. ती भोकं त्यांनी कधी रफू केली नाहीत. मूळच्या मसुऱ्याच्या. मुंबईला शिकल्या, तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत हवेतल्या धुरकटपणावर काही काळ कामही केलं. मग वडील गेले, आई एकटी पडली आणि बाई गावी आल्या त्या आल्याच. कॉलेजात शुद्ध मराठी बोलायच्या. रागावल्या की मालवणी सुरू व्हायचं. चंबू फोडणाऱ्या पोराला "अरे, तुका डोळे आसत मां?" हे शब्द एकदा तरी ऐकावे लागायचेच.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. बाजारात घाटावरून येणाऱ्या हळदीबद्दल कुरबुर सुरू होती. बाईंनी भर बाजारात एका दुकानाच्या फळीवर काचेची बशी ठेवली, हळदीवर ॲसिड घातलं. हळद लालबुंद झाली. दुकानदार हसला, म्हणाला, "बाई, चांगली हळदसुद्धा लाल होतेच की." बाई म्हणाल्या, "होते ना. आता पाणी घालते. चांगल्या हळदीचा रंग जातो." त्यांनी पाणी ओतलं. रंग गेला नाही. दुकानदाराने त्याच दिवशी पोतं माघारी पाठवलं. तेव्हापासून कोकमाच्या सरबतात रंग आहे का, दुधात पिठी आहे का, विहिरीचं पाणी कसं, सगळं बाईंकडे यायला लागलं. "बायनी सांगल्यान" म्हटलं की वाद मिटायचा. बाईंनाही ते आवडत होतं. आवडत होतं असं लिहिताना मला संकोच वाटतो, पण पुढे त्यांनी स्वतःच हा शब्द वापरला आहे.

गावामागच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर, काजूचा कारखाना होता. बी भाजायची, फोडायची, सोलायची. भट्टीला जळण म्हणून काजूचीच टरफलं. त्या टरफलात तेल असतं, हाताला लागलं तर कातडी सोलून काढणारं, आणि त्याचा धूर तिखट, डोळे झोंबवणारा. मालक बाईंचाच जुना विद्यार्थी. आसपासच्या वाड्यांतल्या बायका तिथे कामाला जायच्या. सड्याच्या खाली, समुद्राला लागून मुसलमानांची वाडी, आणि तिथली हलिमाबी खारवलेले बांगडे सुकवून विकायची. तिच्या बांगड्यांना नाव होतं. घाटावरचा व्यापारी बाकीच्यांचा माल चाचपून घ्यायचा, हलिमाबीचा न बघता उचलायचा.

त्या वर्षी ती तक्रार घेऊन पंचायतीत आली. जाळ्यावर पसरलेल्या माशांवर सकाळी पिवळट तपकिरी चिकट थर बसतो, खाल्लं की ओठांना चुरचुरतं. धुरामुळे होतं, असं तिचं म्हणणं. मालकाने काजळी अडवायला धुराड्याच्या बुडाशी बंद खोली बांधली होती आणि धूरही पातळ दिसत होता, त्यामुळे तिचं कुणाला पटेना. सरपंचांनी बाईंना बोलावलं.

बाईंनी काम नेहमीसारखं चोख केलं. धुराड्याला भोक पाडून काचेची नळी घातली, तिच्या टोकाला फिल्टर पेपर बसवला, आणि पलीकडे पाण्याने भरलेली मोठी बाटली. बाटलीतलं पाणी खाली सोडलं की धुराड्यातली हवा कागदातून ओढली जायची. धुरातल्या पाण्याच्या वाफेने कागद ओला होऊन फाटू नये म्हणून त्यांनी नळी आणि कागद निखाऱ्यांच्या शेगडीने गरम ठेवले. मी मदतीला होतो, आणि ती काळजी पाहून मला कौतुकच वाटलं होतं. कागदावर फिकट राखाडी छटा आली, बस. गाळून आलेली हवा बाईंनी दोन चंबूंत भरून बुचं लावून घेतली, मुलांना दाखवायला.

मग त्या वाडीवर गेल्या. दुपारची वेळ, वारा समुद्रावरून येत होता, मासे कोरडे खडखडीत. हलिमाबी म्हणाली, "सकाळी येवा बाई, सकाळी दिसताला." बाई म्हणाल्या, "सकाळी माझे तास असतात."

ग्रामसभा देवळाशेजारच्या शाळेत भरली. बाईंनी कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. "जवळजवळ पांढरा आहे. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत धरण्यासारखं काही नाही." हलिमाबी मागे बायकांत बसली होती. ती उठून पुढे आली आणि पदराखालून एक बांगडा काढून बाईंच्या पुढ्यात धरला. "मगे ह्या काय आसा?"

बाईंनी तो हातात घेतला नाही. पंजाने वारा घालून वास घेतला आणि म्हणाल्या, "हलिमाबी, मासे खारवायच्या आधी नीट धुवायचे असतात. आपली अस्वच्छता धुरावर ढकलू नये."

सभा खो खो हसली. हसण्यात बाईही होत्या, ओठ दाबून. हलिमाबी एवढंच म्हणाली, "धुतलंय बाई. गोड्या पाण्यान धुतलंय." ते कुणी ऐकलं नाही. ती बांगडा पदराखाली घेऊन निघून गेली.

तो शब्द बाजारात पोचायला वेळ लागला नाही. परुळेकर बाईंनी सांगितलं म्हणजे मासे घाणच असणार. पोरंसुद्धा तिच्या टोपलीवरून जाताना नाक धरायला लागली. घाटावरचा व्यापारी आला, तिच्या दारावरून पुढे गेला. पावसाळ्यानंतर तिने जाळी पसरलीच नाहीत. तिचा मुलगा कॉलेजात होता, आमच्याच. त्याने नाव काढून घेतलं आणि आखातात कामाला गेला. कारखान्यात मात्र दुसरी भट्टी पेटली.

बाईंना यातलं काही कळलं नव्हतं असं नाही. पण त्यांच्या मते ते प्रकरण संपलं होतं.

त्या दोन चंबूंपैकी एक त्यांनी वर्गाच्या खिडकीत ठेवला होता, दुसरा कपाटात. पुढल्या वर्षी एका मुलाने तास चालू असताना हात वर केला. "बाई, ह्या चंबूत काय भरलंत? काच तांबूस झाली."

भिंतीपलीकडे मला बाईंचा आवाज थांबलेला ऐकू आला. मग कपाट उघडल्याचा आवाज.  मुलं बाहेर पडायला लागली तसा मी डोकावलो. बाई दोन्ही चंबू टेबलावर ठेवून समोर उभ्या होत्या. कपाटातला स्वच्छ होता. खिडकीतल्याच्या आत तपकिरी पातळ थर बसला होता. हवा तीच, एकाच वेळी भरलेली.

"सामंत," त्या म्हणाल्या, "याला ऊन लागलं."

पुढच्या काही दिवसांत कारखान्यात जाऊन त्यांनी पुन्हा तशीच हवा गाळून आणली, या वेळी मोठ्या पारदर्शक पिशव्यांत. एक पिशवी गच्चीवर उन्हात, एक काळ्या कापडाखाली सावलीत. दुपारी माझ्या प्रयोगशाळेचे पडदे ओढून आम्ही दोन्हींमधून दिव्याचा झोत सोडला. सावलीतल्या पिशवीत झोत दिसेना. उन्हातल्या पिशवीत तो दुधाच्या रेघेसारखा आरपार दिसत होता. स्वच्छ म्हणून गाळून घेतलेल्या हवेत कण तयार झाले होते. बाईंनी ती पिशवी तशीच शेगडीच्या उबेला धरली. झोत फिका झाला. गार होऊ दिली, पुन्हा उठून दिसला.

मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालं?"

बाई स्टुलावर बसल्या. मुलांना सांगतात तसंच, सावकाश सांगत गेल्या, पण माझ्याकडे न बघता. "त्या तेलाच्या धुरात बेंझीनच्या कुळातली वाफ असते. मी कागद गरम ठेवला, म्हणून ती वाफेच्याच रूपात निसटली. कागदाने काजळी धरली, वाफ सोडली. ती बाहेर पडते, तिला ऊन लागतं, हवेतला ऑक्सिजन तिला चिकटतो आणि ती जड होते. जड झाली तरी सगळी खाली बसत नाही. थोडी वाफ म्हणून हवेत राहते, थोडी धुळीच्या, मिठाच्या कणांवर जाऊन बसते. हवा तापलेली असेल तर वाफेचा वाटा जास्त, गार झाली की कणांचा. दिवसभर उन्हात मुरलेली ती हवा पहाटे गार होऊन सड्यावरून खाली उतरते. खाली कोण राहतं, ते तुम्हाला माहीत आहे."

मग एकदम मालवणीत म्हणाल्या, "मुंबयक ह्याच काम करी होतंय मी, सामंत. ह्याच! आणि दुपारचा जावन मासे बघून इलंय."

मी म्हटलं, चूक कुणाचीही होते. बाई म्हणाल्या, "कागदाची चूक होते हो. ती दुरुस्त करता येते. पण बाईमाणसाला मी चार लोकांत अस्वच्छ म्हणाले, ते कुठल्या कागदावर आलं होतं? ते मी माझ्या पदरचं घातलं. लोक माझं ऐकतात याची मला चटक लागली होती. मला ते आवडत होतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. मला बरोबर घेऊन त्या वाडीवर गेल्या. हलिमाबी पडवीत तांदूळ निवडत होती. तिने बसायला पाट सरकवला. बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, धूर, ऊन, कागद, आणि शेवटी हात जोडले.

हलिमाबीने सूप खाली ठेवलं नाही. "तुमी बोललात ता सगळ्यांच्या फुड्यात," ती म्हणाली. "आणि माफी मागूक इलात माज्या पडवेत?"



"माजा नाव गेला ता चार माणसांत गेला. परत येवचा तर चार माणसांतच येवक होया." एवढं बोलून तिने पुन्हा तांदळातले खडे वेचायला घेतले. आवाज चढला नव्हता. आम्ही निघालो तेव्हा तिने मान वर करून पाहिलंही नाही.

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. आणि मला तिथे जायची भीती वाटते."

तरी त्या गेल्या. पुढल्या ग्रामसभेत विषय रस्त्याचा होता. बाई हात वर करून उभ्या राहिल्या आणि सरपंचांनी काय काम आहे विचारायच्या आत बोलायला लागल्या. चंबू दाखवला, कागद दाखवला, कुठे चुकलं ते सांगितलं. लोक ऐकत होते, पण अर्ध्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. मग कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना कळलं, आणि एकच कालवा झाला.

"बाई, धुराडा बंद झाला तर आमच्यो चुली कोण पेटवतलो?"

मालक उठला. त्याचा चेहरा पडला होता. "बाई, मी तुमचा विद्यार्थी. तुम्हीच कागद पांढरा म्हणालात ना? तुमच्या शब्दावर मी दुसरी भट्टी घातली."

"हो," बाई म्हणाल्या. "ती भट्टीही माझ्याचमुळे."

सरपंच म्हणाले, "झालं ना बाई आता? बसा." कोंडी फोडायलाच म्हणाले असतील.

"नाही झालं," बाई म्हणाल्या. त्यांचे हात टेबलाची कड धरून होते आणि पदर खांद्यावरून घसरला होता, तो सावरायचं त्यांना भान नव्हतं. "मी याच जागी हलिमाबींना म्हणाले की त्या मासे नीट धुवत नाहीत. ते खोटं होतं. मी बघितलं नव्हतं, तपासलं नव्हतं. त्या सकाळी या म्हणाल्या, मी गेले नाही. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. त्यांच्या माशांत दोष नव्हता. दोष माझ्या बोलण्यात होता."

कुणी हसलं नाही.  कुणीतरी खोकलं, मग रस्त्याचा विषय पुढे चालू झाला. हलिमाबी त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. बाई बसल्यावर ती बाहेर पडली. खिडकीतून मला दिसली, चपला हातात घेऊन वाळूच्या वाटेने चालली होती, नेहमीच्याच चालीने.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. बाई आणि मी मालकाच्या मागे लागलो. धुराड्याआधी लांब विटांचा बोगदा बांधायचा, त्यावर पाणी सोडत ठेवायचं, म्हणजे धूर बाहेर पडायच्या आधीच गार होईल आणि वाफेचा जड वाटा तरी आतच तेल होऊन बसेल. मालक आधी तयार नव्हता. बोगद्यात जमणारं तेल होड्यांच्या लाकडाला लावायला खलाशी मागून नेतात हे दिसल्यावर तयार झाला. बायकांचं काम टिकलं. वाडीवरचा त्रास कमी झाला, पुरता गेला नाही. घाटावरच्या व्यापाऱ्याने मात्र दुसरीकडे माल ठरवला होता तो ठरवलाच. हलिमाबीने पुन्हा मासे सुकवले नाहीत. ताजी मासळी घेऊन बाजारात बसायला लागली.

बाईंकडे लोक हळद, दूध घेऊन येतच राहिले, उलट जास्त यायला लागले. चूक कबूल करणारी बाई म्हणून त्यांचा भाव वाढला होता आणि हे त्यांना सोसवत नव्हतं. एकदा तालुक्याला सत्कार करायचं घाटत होतं, तर बाई ताप आलाय म्हणून घरी बसल्या. कुणी सभेतल्या त्या दिवसाबद्दल "धाडस हो बाई तुमचं" म्हणालं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की समोरचा माणूस विषय बदलायचा.

एक गोष्ट मात्र त्या न चुकता करत. दरवर्षी शेवटच्या वर्गाला, अभ्यासक्रमात नसताना, एक तास त्या या विषयाला द्यायच्या. सुगंधी हायड्रोकार्बनं, म्हणजे ती बेंझीनच्या कुळातली द्रव्यं, हवेत गेल्यावर ऊन आणि ऑक्सिजन त्यांचं काय करतात, त्यातलं किती वाफेत राहतं, किती कणांवर बसतं, उष्णतेने हा वाटा कसा बदलतो, आणि गरम कागद कसा फसवतो. फळ्यावर आकृती काढून नीट शिकवायच्या. मग खडू खाली ठेवायच्या आणि ग्रामसभेत आपण काय बोललो ते शब्द न शब्द सांगायच्या, हलिमाबीचं नाव न घेता. "आपली अस्वच्छता धुरावर ढकलू नये." भिंतीपलीकडे माझा तास चालू असला तरी त्या वाक्याला मी थांबत असे. दर वर्षी ते वाक्य त्यांच्या तोंडून सुटताना अडखळायचं. सवयीने सोपं झालं असं मला कधी वाटलं नाही.

मी एकदा म्हटलं, "बाई, आता पुरे. मुलांना वाफ आणि कण कळले म्हणजे झालं."

"वाफ आणि कण पुस्तकात मिळतील त्यांना, सामंत. हे नाही मिळणार."

दशक संपायच्या सुमारास बाई निवृत्त झाल्या आणि आईला घेऊन बहिणीकडे बेळगावला गेल्या. नंतर आमची भेट नाही. त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, हलिमाबीच्या मुलीच्या लग्नात.

मुलगी आमच्याच कॉलेजात शिकलेली, म्हणून आमंत्रण सगळ्या प्राध्यापकांना होतं. बाई म्हणाल्या, "माझं नाव चुकून आलं असेल." मी म्हटलं, मुलगी स्वतः येऊन देऊन गेली आहे. बाई यायला तयार झाल्या, पण वाडीत शिरल्यावर त्यांची पावलं मंद होत गेली. मांडव माडांच्या मध्ये घातला होता. आखातातून आलेला मुलगा पाहुण्यांचं स्वागत करत होता. मी पुरुषांच्या बाजूला जाऊन बसलो आणि वळून बघतो तर बाई मांडवाच्या बाहेरच, एका माडाला हात लावून उभ्या. हातात कागदात गुंडाळलेलं स्टीलचं भांडं. आत जायचं की भांडं कुणाच्या हाती देऊन परतायचं हे त्यांचं ठरत नव्हतं.

हलिमाबीला ते दिसलं असावं. हिरवी साडी, हाताला मेंदी, गर्दीतून ती सरळ बाहेर आली.  बाईंचं मनगट धरलं आणि त्यांना आत आणून बायकांच्या पंगतीत, नवरीच्या आत्यांच्या आणि मावश्यांच्या मध्ये बसवलं. शेजारच्या बायका सरकल्या. ताट आलं. हलिमाबीने भाताचं भांडं वाढणाऱ्या मुलीच्या हातून स्वतःकडे घेतलं आणि बाईंच्या ताटात वाढायला वाकली.

"जेवा बाई. थंड होताला."

बाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. इतकी वर्षं मी त्यांना ताठ बसलेलं पाहिलं होतं, त्या दिवशी त्या ताटावर वाकून बसल्या होत्या. आजूबाजूच्या बायका त्यांच्याशी काहीबाही बोलत होत्या, हसत होत्या. बाई मानेने हो म्हणत होत्या. घास उचलत होत्या. हलिमाबी पुढे गेली, ओळीच्या टोकापर्यंत वाढून पुन्हा त्यांच्यापाशी आली, आणखी भात घातला. बाईंनी नको म्हटलं नाही, आणि तोंडही वर केलं नाही.